वस्माचा हिवाळा

डांबरी रस्ता सोडून वाळूत शिरण्याआधी टायरांतली हवा कमी करावी लागते. हे काम जाबिर अजून कुणाला करू देत नसे. मुलगा मिशाल स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसे, सून अबीर मागच्या सीटवर भांडणाऱ्या जुळ्यांना दटावत राही, आणि अडुसष्ट वर्षांचा जाबिर चारही चाकांपाशी आळीपाळीने उकिडवा बसून, काडीने व्हॉल्व्ह दाबून, कान देऊन हवा सोडे. हवा मोजायचं यंत्र मिशालने दोनदा आणून दिलं होतं. ते गाडीच्या कप्प्यात पडून होतं.

"बाबा, यंत्र आहे ना," मिशाल काच खाली करून म्हणाला.

"यंत्राला कान आहेत का?"

"आणि तुम्हाला आहेत? काल आई तीन हाका मारत होती."

मागून जाबिरची बायको तरफा हसली. "हाका नाही ऐकू येत त्यांना. चहा ओतल्याचा आवाज मात्र दोन तंबूंपलीकडून येतो."

दर हिवाळ्यात हे असंच चाले. सौदी अरबस्तानातल्या हुफूफमधल्या घराला कुलूप घालायचं, दक्षिणेकडे तीन तास गाडी हाकायची, आणि एका लांबट वाळूच्या टेकाडाच्या पायथ्याशी दोन तंबू ठोकायचे. डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जाबिर आणि तरफा तिथेच राहत. मिशालचं कुटुंब गुरुवारी संध्याकाळी येई आणि शनिवारी दुपारी परत जाई. मुलं टेकाडावरून घसरपाट्यांवर बसून खाली येत, मिशाल गाडी वाळूत फसवी आणि काढी, बायका निखाऱ्यांखाली भाकरी पुरून ठेवत. याहून सोयीच्या जागा पुष्कळ होत्या. वाटेत तर एक अशी होती की तिथे मोबाइल लागे आणि पाण्याचा टँकर दारात येई. पण जागा तरफाने ठरवलेली, आणि ती बदलायला तयार नसे. का, ते मिशालने लहानपणी एकदा विचारलं होतं. आईने उत्तर दिलं नव्हतं, म्हणून पुन्हा विचारलं नव्हतं.

जाबिर मुर्रा या भटक्या वाळवंटी टोळीचा. त्या टोळीतल्या माणसाला पाऊल वाचता येतं याचं तिकडे कुणाला नवल वाटत नाही. जाबिरने मात्र त्यावर एकतीस वर्षं पोलिसात नोकरी केली होती. वाळूवरच्या ठशावरून माणूस लंगडा आहे की दमलेला, खांद्यावर ओझं कुठल्या बाजूला आहे, बाई पोटुशी आहे का, हे तो चालता चालता सांगे. एकदा विहिरीवर पाहिलेलं पाऊल त्याने तीन वर्षांनी भरबाजारात ओळखलं होतं. कोर्टात तो कमी बोले. दिसलं तेवढंच सांगे, न दिसलेलं 'माहीत नाही' म्हणून सोडून देई. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो उठून शेळ्यांकडे जाई.

निवृत्त झाल्यावर ही विद्या शिकायला घरात एकच गिऱ्हाईक मिळालं. मिशालची थोरली, नऊ वर्षांची लुजैन. शुक्रवारी सकाळी तो तिला डोळे मिटायला लावे, कुणालातरी समोरून चालवे, मग तिने ठसे बघून नाव सांगायचं.

"तुर्की," ती लगेच म्हणाली. "आणि हातात काहीतरी आहे. उजवीकडे झुकलाय."

"काय आहे?"

तिने थोडं वाकून बघितलं. "माझी बिस्किटं."

जुळ्यांतला तुर्की पळाला. सगळे हसले. जाबिर हसला नाही, पण त्या दिवशी भाकरीचा खरपूस तुकडा त्याने तिच्या ताटात ठेवला.

पहिला आठवडा असा गेला.

शनिवारी दुपारी गाडी गेली. रविवारी पहाटेची नमाज आटोपून जाबिर नेहमीप्रमाणे तंबूंभोवती फेरी मारायला निघाला. रात्रीतून कोण आलं, कोण गेलं हे बघायची त्याची जुनी सवय. खोकड येऊन गेलं होतं. एक घोरपडीसारखा सरडा झुडपाखालून निघून परत झुडपात गेला होता. आणि बायकांच्या तंबूच्या मागे, दोरांच्या पलीकडे, एक तान्हं मूल रांगलं होतं.

हातांचे पंजे. गुडघ्यांच्या उथळ घळी. मागे पायांच्या अंगठ्यांनी ओढलेल्या दोन रेघा. आठ-दहा हात रांगून मूल बसलं होतं, बसल्या जागी वाळू चापटली होती, आणि तिथून पुढे काही नव्हतं.

त्यांच्या घरात रांगतं मूल नव्हतं. जवळचा तंबू चार किलोमीटरवर, आणि त्यात चार म्हातारे पुरुष. जाबिर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने मनाशी म्हटलं, शुक्रवारी जुळ्यांनी काहीतरी खेळ केला असेल. शुक्रवारनंतर दोनदा वारा वाहून गेला होता हे त्याला माहीत होतं. तरी त्याने तसं म्हटलं.

मंगळवारी ते मूल चालत होतं. पाय फाकवून, टाचा आपटत, दर चार पावलांनी बसकण मारत.

त्याने तरफाला काही सांगितलं नाही. ती चुलीपाशी कॉफीत वेलदोडे कुटून घालत होती. तिचा उजवा गुडघा थंडीत धरायचा, म्हणून बसताना ती एक हात जमिनीवर टेकायची. तिने वर बघितलं.

"काय हरवलं का?"

"नाही."

"मग जमीन काय हुंगताय?"

"खोकड आलं होतं," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पुढच्या शुक्रवारी मुलं दिवसभर टेकाडावर होती. तीन मुलं, तीन घसरपाट्या. ऊन कलल्यावर ती जेवायला खाली आली आणि जाबिर सहज म्हणून टेकाडाच्या उतारापाशी गेला. उन्हं आडवी पडली होती, प्रत्येक ठशाच्या कडेला सावली भरली होती, वाचायला याहून चांगली वेळ नाही. वर चढलेली पावलं चौघांची होती. खाली घसरलेल्या वाटाही चार. तीन घसरपाट्यांच्या, सपाट आणि रुंद. चौथी अरुंद, मधोमध खोल. पाटीशिवाय, नुसतं बसून घसरल्याची.

"अजून कोण होतं रे खेळायला?" त्याने जेवताना विचारलं.

"कोणी नाही," तुर्कीचा जुळा भाऊ सैफ म्हणाला. "मोजायला चुकलात आजोबा. म्हातारे झालात."

"ए!" अबीरने त्याच्या पाठीत हलका धपाटा घातला.

जेवण झाल्यावर लुजैन एकटीच उतारापर्यंत जाऊन आली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आजोबा, ती माझ्याएवढीच आहे. पण मी नाही. कोण आहे?"

"माहीत नाही," जाबिर म्हणाला.

आजोबांच्या तोंडून हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले. ती त्याचा हात धरून बसली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उजेडात त्याने ती पावलं नीट वाचली. आजवर टाळलेलं काम होतं ते. दुसरं बोट अंगठ्याहून लांब. ते तरफाच्या माहेरचं. तिच्या बापाचं, भावांचं, मिशालचंही तसंच होतं. आणि डावा पाय किंचित बाहेर वळलेला, टाचेची बाहेरची कड जास्त रुतलेली. तो जाबिरचा स्वतःचा पाय. त्याच्या बापाचाही तसाच. मिशालने तो घेतला नव्हता, नातवंडांतही कुणी घेतला नव्हता.

लांब बोट आणि वळलेला डावा पाय एकाच अंगावर असायला ते मूल त्या दोघांचं असावं लागतं. दुसरा मार्ग नाही. कोर्टात त्याने असं शपथेवर सांगितलं असतं.

त्यांना दोन मुलं झाली होती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, गाडी नव्हती, घर नव्हतं, उंटांमागे फिरणं होतं, तेव्हा याच भागात, हिवाळी पावसाच्या दिवसांत तरफाला पहिली मुलगी झाली. त्या पावसाला ते वस्म म्हणतात, म्हणून नाव वस्मा. ती अडतीस दिवस जगली. ताप आला आणि दोन दिवसांत गेली. जाबिरने एका उंचवट्यावर खड्डा खणला, वर तीन दगड ठेवले, आणि टोळी पुढे निघाली. उन्हाळा संपवून परत आला तेव्हा उंचवटा नव्हता. त्यावर वाळूचं टेकाड येऊन बसलं होतं. सात दिवस तो शोधत राहिला. तीन वर्षांपूर्वीचं पाऊल ओळखणाऱ्या माणसाला आपल्या मुलीची जागा सापडली नाही. आठव्या दिवशी तरफा म्हणाली, "राहू द्या." त्यानंतर ते नाव दोघांपैकी कुणीही उच्चारलं नव्हतं. मिशालला आपल्याला बहीण होती हेच माहीत नव्हतं. पण हिवाळ्यात तंबू कुठे ठोकायचा हे मात्र तरफा ठरवायची.

वस्मा कधी चालली नव्हती. तिचा पाय वाळूला लागलाच नव्हता.

जाबिरने काय करावं? त्याने पोलिसातलं केलं. सोमवारी सकाळी एक फळी दोराने ओढत त्याने दोन्ही तंबूंभोवती चार हात रुंद पट्टा साफ केला. मुंगी गेली तरी उमटेल असा. मग दारात गालिचा टाकून, कॉफीचं भांडं शेजारी ठेवून, तो पट्ट्याकडे बघत बसला. ऊन वर आलं. वारा नव्हता. माशी नव्हती. दुपारच्या नमाजेपर्यंत पट्टा कोरा राहिला. त्याने खाली बघून कप भरला. कप भरायला किती वेळ लागतो? एक वाफ वर जाते तेवढा.

मान वर केली तेव्हा पट्ट्यावरून एक मुलगी आडवी गेली होती. बारा-तेरा वर्षांची. धावत नव्हती. चालताना मध्येच थांबली होती, दोन्ही पाय जुळवून, चवडे त्याच्या दिशेने करून.

कॉफी हातातच निवली.

त्यानंतर त्याने पहारा केला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेळ्यांमागे लांब गेला, तळपायाला वाळू ऊन लागेपर्यंत चालला, आणि परत येताना आपल्याच वाटेने आला. त्याच्या जाण्याच्या प्रत्येक ठशात त्याहून लहान एक ठसा होता. बापाच्या पावलात पाऊल टाकत चालणाऱ्या पोरीची उडी कशी आखूड पडते, पुढच्या ठशापर्यंत पोचायला ती कशी चवड्यावर रेटा देते, ते सगळं तिथे होतं. एके ठिकाणी तिचा तोल गेला होता आणि तिने हात टेकला होता. सगळी वाट अशी. दोन किलोमीटर.

जाबिर वाळूत बसला. शेळ्या आपणहून परत गेल्या.

संध्याकाळी तरफा परातीत पीठ मळत होती तेव्हा तो तिच्यासमोर बसला.

"तरफा."

चारचौघांतच काय, एकांतातही तो तिला 'उम्म मिशाल', मिशालची आई, म्हणायचा, आणि ती त्याला 'अबू मिशाल'. नावाने हाक ऐकून तिचे हात थांबले.

त्याने सांगितलं. कोर्टात सांगायचा तसं, दिवसावार. रांगणं, चालणं, टेकाड, पट्टा, आजची वाट. नाव मात्र घेतलं नाही. तरफाने पूर्ण ऐकलं. मग हाताला चिकटलेलं पीठ बोटाबोटाने काढलं.

"आज केवढी आहे?" तिने विचारलं.

"पंधरा. फार तर सोळा."

"उंच आहे?"

"तुझ्याहून चार बोटं."

"तुमच्याकडची उंची," ती म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "अंगावर काही पांघरते का, ते पावलावरून कळतं का हो?"

"नाही."

"गार असतं सकाळी."

एवढंच. तिने ना छाती पिटली, ना कुराणातल्या आयती म्हटल्या. जाबिरला त्याचीच भीती वाटली. त्याला वाटलं, हिला हे आधीपासून माहीत होतं. या टेकाडाच्या पायथ्याशी ही इतकी वर्षं उगाच येत नव्हती.

जानेवारी सरत गेला. मिशाल आला की जाबिर गप्प राही. तरी एकदा त्याने मुलाला मुद्दाम ठसे दाखवले.

"ही आईची पावलं," मिशाल म्हणाला. "मी काही तुमच्यासारखा पोलिसात नव्हतो, पण एवढं कळतं. बाबा, साखर तपासली का इतक्यात? डोळ्यांवर येतं ते."

तो चुकत होता, पण फार नाही. पावलं आता पोक्त बाईची होती. टाच रुंद झाली होती, चाल संथ. जाबिरने मनाशी हिशेब मांडला. सुरुवातीला झपाट्याने वाढली, आता आठवड्याला चार-पाच वर्षं. फेब्रुवारी संपता संपता ती तरफाच्या वयाची होणार. आणि त्यानंतर? या प्रश्नापाशी आला की तो उठून काहीतरी काम काढी. तंबूचे खुंटे ठोकी, ठोकलेलेच पुन्हा ठोकी.

तरफा आता असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजेनंतर रोज टेकाडापलीकडे फिरायला जाऊ लागली. गुडघा दुखत असूनही. जाबिर मागे जात नसे. ती परत आल्यावर वाचत असे. जाताना दोघींची पावलं शेजारी शेजारी असत. तरफाची उजवी टाच ओढलेली, आणि तिच्या डाव्या अंगाला ती दुसरी, तरफाच्या चालीशी चाल जुळवलेली. पलीकडे बसल्याच्या दोन खळग्या. परत येताना एकटी तरफा.

एकदा वारा तिकडून होता तेव्हा टेकाडापलीकडून तरफाचं बोलणं ऐकू आलं. शब्द नाही, नुसता सूर. ती बोले, थांबे. समोरचा बोलून होईपर्यंत माणूस थांबतो तेवढीच थांबे. मग हसे.

"आपण या आठवड्यात निघू," तो त्या दिवशी म्हणाला. "मिशालला निरोप देतो."

"ठरल्या दिवशीच निघू."

"तरफा, ती काय मागते?"

तरफाने गुडघ्याला तेल चोळता चोळता वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं.

"तिने काय मागावं? तिला काय मिळालंय की आणखी मागेल?" मग अगदी साध्या आवाजात, "घर कसं असतं ते विचारते. जिना म्हणजे काय, नळ म्हणजे काय. तिने बघितलेलं नाही ना काही."

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तंबू उतरले. सकाळपासून वारा उठला होता. मिशालने गालिचे तसेच वाळूसकट गुंडाळले, अबीरने भांडी भरली, शेळ्या शेजारच्या म्हाताऱ्यांच्या ट्रकमधून पुढे गेल्या. गाडी टेकाडापासून दूर, खडीच्या टणक जमिनीवर उभी होती, म्हणजे फसायला नको.

"आजी कुठे?" लुजैनने विचारलं.

जाबिरने वळून बघितलं. तरफा टेकाडाच्या माथ्यावर होती. काळी शाल वाऱ्याने फडफडत होती. ती पलीकडे उतरली.

तो निघाला. म्हातारपणी वाळूत धावता येत नाही. पाय नुसते रुततात. चढावर दोघींची पावलं होती, शेजारी शेजारी. आता दोन्ही सारखीच वयस्क, दोन्ही सारखीच थकलेली. एक उजवी टाच ओढणारी. दुसरीचा डावा पाय बाहेर वळलेला.

माथ्याच्या थोडं अलीकडे त्या थांबल्या होत्या. समोरासमोर. चवड्याला चवडे लावून.

तिथून पुढे वाऱ्याने सगळं पुसलं होतं.

माथ्यावर उभा राहून त्याने पलीकडे बघितलं. वाळू धुरासारखी सरपटत होती. कुणी नव्हतं. त्याने हाक मारली. तरफाच्या नावाने मारली, मग चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या नावानेही मारली. वाऱ्याने दोन्ही नेल्या.

"अबू मिशाल!"

हाक खालून आली, गाडीकडून. तरफा मागच्या दारापाशी उभी होती. टेकाडाला वळसा घालून आली असावी. तोच चेहरा, तीच शाल, हनुवटीवरचं तेच निळं गोंदण.

"चला ना," ती म्हणाली. "मुलं ताटकळलीत."

तो खाली आला. गाडीभोवती त्याने जमीन बघितली. खडी. खडीवर काही उमटत नाही.

तरफा गाडीत चढली. दाराची मूठ न धरता.

वाटेत जुळी झोपली. डांबरी रस्ता लागला तेव्हा टायरांत हवा भरायला जाबिर उतरला नाही. मिशालने आरशातून त्याच्याकडे दोनदा बघितलं आणि स्वतःच उतरला. तरफा खिडकीला कपाळ लावून बसली होती. हुफूफचे पहिले दिवे लागले, पेट्रोल पंप, दुकानांच्या पाट्या, खजुरांचे मळे, तशी ती एकेक गोष्ट बघत गेली. एवढ्या निगुतीने तिने कधी बघितलं नव्हतं.

घर तेच होतं. तरफाही तीच होती. कॉफीत वेलदोडे तेवढेच पडत, दुपारी वामकुक्षी तेवढीच होई, जुळ्यांना रागावायची पद्धत तीच. जाबिरने आठवडाभर तिच्याकडे बघायचं टाळलं आणि आठवडाभर तिच्याशिवाय दुसरीकडे बघितलं नाही. घरात सगळीकडे संगमरवरी फरशी. एकतीस वर्षं ज्याने माणसं पायांवरून ओळखली त्याला आपल्या घरात, आपल्या बायकोबद्दल, काही वाचायची सोय नव्हती. ते बरं होतं, असं त्याला वाटायला लागलं.

गुडघ्याला चोळायचं तेल कपाटात तसंच होतं. त्याने एकदा बाटली काढून तिच्यासमोर ठेवली.

"आता दुखत नाही," ती म्हणाली. "तिकडची हवा मानवली बघा." आणि मग, जिन्याकडे जाता जाता, "पुढच्या वर्षी तिकडे जायलाच हवं असं काही नाही हं. दुसरीकडे जाऊ. मुलांना समुद्र बघायचाय."

तो 'बरं' म्हणाला. मग तिथे वाळूत आता कोण राहिलं, हा विचार त्याने मनात पुरा होऊ दिला नाही.

पुढच्या शुक्रवारी मिशालचं कुटुंब जेवायला आलं. सकाळीच तरफाने गालिचे गच्चीवर नेऊन झटकले होते. जाबिर लुजैनला घेऊन गच्चीत गेला तेव्हा फरशीवर वाळूचा पातळ, एकसारखा थर पसरला होता, आणि तरफा नुकतीच त्यावरून अनवाणी चालत खाली गेली होती.

जाबिरने मान वर केली. समोर पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, आकाश. नजर तिथेच ठेवून त्याने चाचपडत कोपऱ्यातला झाडू घेतला.

"थांबा ना आजोबा."

तो थांबला.

लुजैन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली होती. त्याने शिकवलं होतं तसं, उन्हाकडे तोंड करून.

"आजीचा डावा पाय बाहेर वळतो," ती हळू म्हणाली. "तुमच्यासारखा. कधीपासून?"

खाली स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज येत होता. तरफा जुळ्यांना हाका मारत होती.

"पहिल्यापासून," जाबिर म्हणाला.

लुजैनने सावकाश वर बघितलं. मग तिने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि जिन्याच्या पायरीपासून सुरुवात करून, एकही ठसा न सोडता, ती वाळू लोटायला लागली.